तात्यांचं खोकं, सांगवीची लाईट

२ नोव्हेंबर, रविवार

खोकं घरी आलं! इंदापूर ते सांगवी, आमच्या बँडचा ड्रमर इरफान, त्याच्या टेंपोत, दोन गोधड्या आणि एका रिमोल्डच्या टायरच्या मध्ये बसून. प्रत्येक गतिरोधकाला इ. "बिस्मिल्ला" म्हणत होता, मी "येळकोट येळकोट". दोन्ही देवांनी लक्ष ठेवलं, एक काच फुटली नाही.

उतरवताना आई म्हणाली, "ह्यात काय शिजवायचं हाय?" आप्पांनी मागून आत डोकावून पाहिलं. "आगं, हे तर आपल्या जुन्या रेडिओचं पोट."

बरोबर ओळखलं. व्हॉल्व्हचा गिटार अँप, म्हणजे अँप्लिफायर. विलायती. माझ्या वयाहून मोठा. दोन मोठे स्पीकर, काचेचे सहा व्हॉल्व्ह (चार लहान, दोन मोठे), पाच बटणं. गोविंदतात्या ह्याच्यावर चाळीस वर्षं लग्नाच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवत होते. दिवसा इंदापुरात शिंपीकाम, संध्याकाळी स्टेज. आता बोटं वळत नाहीत आणि कानाला मशीन आहे.

त्यांची अट लिहून ठेवते, नंतर वाद नको. "तीन आठवडं वाजव. तेवीस तारखेला हितं आणून मला ऐकव. आवडलं तर खोकं तुझं. न्हाय आवडलं तर पुण्याचा हाटेलवाला मागतोय, त्याला दिऊन टाकतो." हॉटेलवाला ते काचेत ठेवणार. आतले व्हॉल्व्ह काढून रंगीत बल्ब लावणार. हे ऐकल्यापासून मला जेवण गोड लागत नाही.

मी खरं सांगून टाकलं की मी हेवी मेटल वाजवते, ह्याचा आवाज फाडणार आहे. तात्यांनी खोक्यावरची धूळ फडक्यानं पुसली. मग म्हणाले, "चाळीस वर्षं ह्याचा आवाज फाटू दिला न्हाय मी. एकदा अकलूजला फाटला तर नवरदेव हसला होता." काकू आतून म्हणाल्या, "नवरीबी हसली होती."

तरी दिलं त्यांनी. का दिलं, माहीत नाही.

३ नोव्हेंबर, सोमवार

प्रयोगशाळेत दिवसभर मातीचे नमुने चाळले. लक्ष सगळं खोक्यात. साडेपाचला बारामतीहून निघाले, सातला गिटार हातात.

पाच मिनिटं व्हॉल्व्ह तापू दिले. नारिंगी उजेड. इतकं सुंदर दिसतं की वाजवायलाच नको वाटावं. मग आवाज वाढवला आणि घूंऽऽऽ. गिटार नाहीच, नुसती घरघर. वर माईकला ओठ लावला तर सणसणीत झटका. पहिल्याच घासाला खडा.

इ. ला फोन केला. तो हसून हसून ड्रमवरून पडायच्या बेतात. "ज्योते, मेटल हाय ना? मंग करंट पायजेच."

४ नोव्हेंबर, मंगळवार

तात्यांना फोन. मोठ्यानं बोलावं लागतं, त्यामुळे आख्ख्या वस्तीला कळलं की मला ओठावर शॉक बसला. तात्यांनी एकच विचारलं, "अर्थिंगला पाणी कधी घातलंवतं?"

आप्पा म्हणाले, बोअर घेतला तेव्हा. म्हणजे मी दहावीत होते.

घरामागचा अर्थिंगचा खड्डा उकरला, मीठ-कोळसा टाकला, आप्पांनी चार बादल्या पाणी ओतलं. "उसाला पाणी न्हाय आन् खड्ड्याला बागायत," असं म्हणत म्हणत पाचवीही ओतली.

घरघर गेली. पार गेली. आता खोकं शांत बसलं की नुसता बारीक श्वास ऐकू येतो.

६ नोव्हेंबर, गुरुवार

नोंदी. (व्हॉ. = व्हॉल्यूम. बे. = बेस, मि. = मिडल, ट्रे. = ट्रेबल.)

व्हॉ. ४, बे. ७, मि. २, ट्रे. ८: पत्र्यावर वाळू. खाली चिखल.
व्हॉ. ६, बे. ७, मि. २, ट्रे. ८: तेच, पण शेजारी ऐकू येईल इतकं.
व्हॉ. ७, बे. ३, मि. ६, ट्रे. ५: बरं. जवळपास. पण वरून करकर.

मिडल मारून बेस वाढवायची माझी सवय पेडलची (आवाज फाडायचा पायाखालचा डबा). स्वस्त पेडलवर तसं भारी वाटायचं. हे खोकं असलं काही ऐकून घेत नाही. बेस जास्त दिला की जाड तारेचा आवाज पसरतो, भिजलेल्या ढेकळासारखा. आणि आमच्या बँडचं नावच ढेकूळ! पण आम्हाला कोरडं पाहिजे.

डोक्यात आठ वर्षांपासून एक आवाज आहे. नांगर कोरड्या काळ्या रानात घुसतो आणि माती उलटते, तसा. कुठल्याच पेडलमधून, मोबाईलच्या कुठल्याच ॲपमधून तो निघाला नाही. इथं निघेल असं वाटतंय. वाटतंय म्हणजे, खात्री नाही.

आई गरम पाण्यात ज्येष्ठमध घेऊन आली. "घसा बसलाय तुझा." घसा बसला नव्हता, मी गात होते.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

पुढं ओव्हरड्राइव्हचं पेडल लावलं. त्याचा गेन शून्याजवळ, लेव्हल पूर्ण. म्हणजे फाडायचं काम पेडलनं करायचं नाही, त्यानं फक्त ढकलायचं. फाडायचं खोक्यानं.

फरक पडला. तारा तुटक तुटक ऐकू येतात आता, एकेक ठोका सुटा. पण वरची करकर आहेच. दातात खडा आल्यासारखी.

९ नोव्हेंबर, रविवार

लागला. लागला. लागला!!!

इ. सकाळी ड्रम घेऊन आला. गोठ्याशेजारच्या खोलीत मांडामांड करेपर्यंत अकरा. शुक्रवारचीच सेटिंग: व्हॉ. ७, बे. ३, मि. ६, ट्रे. ५. गिटार दोन सूर खाली. पहिलाच मोकळा ठोका मारला आणि मी थांबले. इ. पण थांबला. आम्ही एकमेकांकडे नुसतं पाहिलं.

करकर नाही. आवाज जाड, खालून येणारा, आणि कडेला जरा खरखरीत, हात फिरवावा असा. हळू वाजवलं तर गुरगुरतो, जोरात मारलं तर दबतो आणि मग पुन्हा वर उसळतो. इ. म्हणाला, "आयला, हे तर श्वास घेतंय."

चार तास वाजवलं. आमचं 'पाचट' गाणं सलग तीनदा. मी रडले थोडी, खोटं कशाला लिहू. इ. नं पाहिलं नाही असं दाखवलं.

दुपारी आप्पा मध्येच रानाकडे पळत गेले, मग पुन्हा एकदा पळाले. आवाजाला कंटाळून गेले असतील.

तात्यांना फोन करून सांगितलं, मिळाला. ते म्हणाले, "मंग जप त्याला. गावाकडची लाईट बेकार. खालीवर झाली तर व्हॉल्व्ह जातील, मिळायचे न्हायत."

१० नोव्हेंबर, सोमवार

आप्पांनी बारामतीहून स्टॅबिलायझर आणला. मला न सांगता. खोक्याइतकाच जड. मी घरी आले तर बसवूनही टाकलेला, वर हळदकुंकू. "फ्रीजला हाय, टीव्हीला हाय, मंग ह्या बिचाऱ्याला नको?" मी गळ्यात पडले त्यांच्या. ते "सोड, सोड" करत रानात गेले.

वाजवलं. दमल्यामुळे असेल, कालची मजा नव्हती.

११ नोव्हेंबर, मंगळवार

नाही. दमल्यामुळे नाही. करकर परत आलीय.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

बटणं तीच. खडूनं खुणा केल्यात, केसभर हललेली नाहीत. गिटार तीच, पेडल तेच, मी तीच. आवाज दुसराच. कडक, टणक, ठणठणणारा.

नव्या तारा लावल्या. काही नाही. पेडलची बॅटरी बदलली. काही नाही. खोकं भिंतीपासून लांब, भिंतीला चिकटून, कोपऱ्यात, खाटेवर. आईनं विचारलं, "दिशा बघून मांडतीस व्हय?" दिशेचाही प्रयोग केला. पूर्वेला तोंड. काही नाही.

दिवसभर लोकांच्या मातीतला सामू (पीएच) काढते, कुठं काय कमी हे सांगते, आणि घरातल्या एका खोक्याचं दुखणं कळेना.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

इ. चं म्हणणं: रविवारी आपण उपाशी वाजवलं होतं, म्हणून चांगलं वाजलं. आज संध्याकाळी जेवायच्या आधी वाजवलं.

उपाशीही वाईटच वाजतं.

१६ नोव्हेंबर, रविवार

खोकं घेऊन तात्यांकडे. इंदापुरात त्यांच्या दुकानाच्या मागच्या खोलीत खोक्याची मागची फळी काढली. तात्यांनी आधी स्वतःचे दोन्ही हात पाठीमागे बांधून घेतल्यासारखे धरले. "बंद केलं तरी आत वीज दबा धरून बसलेली असती. घाई केली की बोट जातं." पाच मिनिटं थांबलो. तेवढ्यात चहा झाला.

मग एकेक व्हॉल्व्ह काढून, कानाच्या मशीनजवळ धरून, नखानं टिचकी. व्हॉल्व्हच्या पायांना खडूची भुकटी लावून फडक्यानं पुसले. शिवणाच्या मशीनचं तेल मात्र लावू दिलं नाही मी.

"व्हॉल्व्ह ठणठणीत हायेत," तात्या म्हणाले. "तुझ्या कानात गडबड हाय."

लावून दाखवलं. तिथंही तीच करकर. तात्यांनी खोक्यावर तळहात ठेवला होता. (कानापेक्षा हातानं जास्त कळतं म्हणतात.) दोन मिनिटांत हात काढून घेतला. "ह्येच्यासाठी नेलंस व्हय? हे तर पत्रा वाजवल्यागत."

मी म्हटलं, असा नाही तात्या, गेल्या रविवारी वेगळा होता. जाड होता. श्वास घेत होता. काकू म्हणाल्या, "परवा तो पुण्याचा परत फोन करत होता."

येताना टेंपोत इ. नं टेपसुद्धा लावला नाही. भिगवण चौकात भेळ घेतली तीही तशीच राहिली. मला भीती वाटतेय. रविवारचा आवाज खरंच होता का, की आम्हाला दोघांना एकदमच भास झाला?

१८ नोव्हेंबर, मंगळवार

पाच दिवस उरले. उद्या रजा टाकलीय. कारण: पोटदुखी. सरांनी विचारलं, "पोट आजपासूनच दुखतंय का उद्यापासून?" त्यांना सगळं कळतं.

१९ नोव्हेंबर, बुधवार

सविस्तर लिहिते.

अकराला बसले. त्या रविवारची वेळ, तीच खोली, तोच टीशर्टसुद्धा. वाजवलं. करकर. बारापर्यंत सगळं उलटसुलट करून झालं. मग गिटार खाटेवर टाकली आणि भिंतीला टेकून बसून राहिले.

साडेबाराला आप्पा जेवायला आले. भाकरी मोडता मोडता म्हणाले, "आज तुझं यंत्र बोलंना, त्यामुळं माझी पंचाईत झाली."

मी म्हटलं, तुमची कसली?

"आगं, त्या ऐतवारी तुझा आवाज गुरगुरीत झाला की मी समजायचो, व्होल्टेज पडलं. पळत जाऊन मोटार बंद करायचो. मागल्या साली जळाली न्हाय का माझी मोटार? आज म्हटलं, पोरगी घरी हाय, ऐकू येईल. पण तुझं एकसारखंच वाजतंय, आन् मोटार तिकडं कण्हत हुती. नशीब, मी गेलो बघायला."

घास माझ्या हातातच राहिला. आईला वाटलं ठसका लागला.

शेतीची थ्री फेज लाईट सकाळी दहा ते संध्याकाळी सहा. लाईट आली की आख्ख्या शिवारातल्या मोटारी एकदम सुरू. आमची वस्ती लाईनीच्या शेवटाला, म्हणजे व्होल्टेज सगळ्यात जास्त आमच्याकडं पडणार. रविवारी मी दिवसा वाजवलं, बाकी रोज संध्याकाळी सातला, मोटारी बंद झाल्यावर. आणि आज दिवसा वाजवूनही काही नाही, कारण...

मी खोलीत पळाले आणि स्टॅबिलायझरकडे पाहिलं. काटा सव्वादोनशेवर. हळदकुंकवासकट ठाम उभा. बाहेर लाईट रडू दे नाहीतर हसू दे, हा बाबा खोक्याला बरोबर सव्वादोनशे व्होल्ट जेवू घालतोय.

खोकं त्याच्यातून काढलं, सरळ भिंतीत लावलं. स्टॅबिलायझरचं बटण दाबून काट्यावर बाहेरची लाईट किती ते पाहिलं. एकशे चौऱ्याहत्तर.

वाजवलं.

तोच. तोच आवाज! नांगर घुसला, माती उलटली. आप्पा ताट सोडून उठले. मला वाटलं कौतुकाला आले. ते म्हणाले, "थांब, थांब, मोटार बंद करून येतो," आणि खरकट्या हातानं पळाले.

हसून हसून जमिनीवर बसले मी. दहा दिवस तारा बदलल्या, दिशा बदलल्या, उपास केले. आणि हे उत्तर माझ्या बापाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी विचारलंच नाही. आवाजाचं त्यांना काय कळणार, असं धरून चालले होते. लाज वाटली, लिहून ठेवते.

२० नोव्हेंबर, गुरुवार

इ. ला सांगितलं. तो म्हणाला, "म्हंजे आख्ख्या सांगवीचा ऊस आपल्या बँडात हाय."

आता अडचण दुसरी. तात्यांना ऐकवायचंय इंदापुरात. तिथं गावात लाईट दणदणीत. त्यांना सांगवीला बोलवावं तर काकू म्हणतात, गुडघ्यामुळं लांबचा प्रवास नको.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

प्रयोगशाळेत भट्टीजवळ एक जुना डिमर आहे. तांब्याची गुंडाळी, वर गोल चकती. चकती फिरवली की हवं तेवढं व्होल्टेज. गेली चार वर्षं मी रोज त्याच्यावर जेवणाचा डबा ठेवतेय!

सरांना मागितला. "कशाला?" म्हटलं, पोटदुखीसाठी. सर हसले. "सोमवारी सकाळी जाग्यावर पाहिजे."

घरी सात वाजता, मोटारी बंद, लाईट भरपूर. डिमर लावला. १७५ वर: तोच आवाज. १६० वर: झोपेत बोलल्यासारखा. १९० वर: करकर सुरू. पुन्हा १७५. चकतीवर खडूनं रेघ मारली आणि शेजारी लिहिलं 'सांगवी'.

आप्पांनी बाहेरून ओरडून विचारलं, "आत्ता कुठली मोटार चालू हाय गं?"

२३ नोव्हेंबर, रविवार

आज.

दहाला इंदापूर. तात्या इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून बसलेले. काकूंनी शेजारच्यांना आधीच सांगून ठेवलेलं की घाबरू नका, भूकंप नाही.

डिमर पाहून तात्यांच्या कपाळाला आठ्या. सगळं समजावून सांगितलं. "म्हंजे अर्धपोटी ठेवून वाजवायचं त्याला?" म्हटलं, अर्धपोटी नाही तात्या, दोन घास कमी. ते काही हसले नाहीत.

त्यांनी आधी स्वच्छ आवाज मागितला. व्हॉ. २ वर एक जुनी लावणीची चाल वाजवली, चुकत माकत. मान हलली, पण परीक्षक हलवतो तशी. मग म्हणाले, "हं. आता तुझं."

व्हॉ. ७. इ. नं ड्रम आणले नव्हते, दुकानातल्या कटिंगच्या टेबलावर हातानं ठेका धरला. 'पाचट' सुरू केलं. कपाटातल्या बॉबिन नाचायला लागल्या. तात्यांनी तळहात खोक्यावर ठेवला. मी त्या हाताकडेच बघत होते. गेल्या वेळी दोन मिनिटांत काढला होता. या वेळी हात राहिला. मग दुसराही ठेवला. मग त्यांनी कानातलं मशीन काढून काकूंच्या हातात दिलं आणि गाल खोक्याला लावला.

गाणं संपलं. टेबलावरची कात्री अजून थरथरत होती.

तात्या म्हणाले, "दे हिकडं."

गिटार मागत होते. दिली. मांडीवर आडवी तिडवी घेऊन, वळत नसलेल्या बोटांनी त्यांनी एक सूर दाबला. एकच. तो लांबला, गुरगुरला, दबला, वर आला. तात्यांचं तोंड उघडंच राहिलं. पुन्हा तोच सूर. मग त्याच्या शेजारचा. पंधरा मिनिटं ते दोन सूर. त्यांना तेवढेच पुरत होते. जुन्या आवाजाला बोटं पळवावी लागायची, इथं एक सूर धरून बसलं तरी खोकं पुढचं बघून घेतं.

काकू पदर तोंडाला लावून बघत होत्या. हळूच मला म्हणाल्या, "आठ वर्सांनी हातात घेतली त्यांनी."

जेवणं झाली. मी वाट बघतेय. शेवटी विचारलं. तात्या, आवडलं का?

"आवडलं."

मग?

तात्या छताकडे बघत राहिले. "आवडलं तर तुझं, असं म्हणालो हुतो मी. शब्द दिलाय. पण पोरी..." मग खोक्याकडे पाहिलं. "लईच आवडलं गं."

इ. ला आधी हसू फुटलं. मग मला. मग मला रडू आलं, मग पुन्हा हसू. मी म्हटलं, ठेवा तात्या. आठवडाभर ठेवा. दुसरं काय म्हणणार? डिमरही तिथंच सोडून आले, सोमवार विसरून.

२४ नोव्हेंबर, सोमवार

सरांच्या शिव्या. सौम्य, पण शिव्याच. संध्याकाळी एसटीनं इंदापूर, डिमर घेतला, शेवटच्या गाडीनं परत. तात्या दारापर्यंत आले. डिमर न्यायला आलेय म्हटल्यावर त्यांना हायसं वाटलेलं स्पष्ट दिसलं. खोकं न्यायला आलेय असं वाटलं होतं त्यांना.

जाताना म्हणाले, "पुण्यावाल्याला सांगितलं, द्यायचं न्हाय. काचेत ठेवायला ते काय गौरीचं मुखवटं हाय?" याचा आनंद झाला. खरंच झाला. पण "द्यायचं न्हाय" हे मलाही लागू आहे का, हे विचारायचं धाडस झालं नाही.

२६ नोव्हेंबर, बुधवार

चंपाषष्ठी. वांग्याचं भरीत, बाजरीची भाकरी, तळी भरली. आप्पांनी भंडारा कपाळाला लावला आणि खोलीतल्या रिकाम्या जागेकडे बघून म्हणाले, "आता मोटारीचं मला कोण सांगणार?"

मला ते खोकं हवंय. सरळ लिहिते. म्हातारा माणूस इतका खूश झालाय आणि मला ते परत हवंय. आवाज मी शोधला (बरं, आप्पांनी). तात्यांना तो माहीतही नव्हता. शोधला नसता, नुसतं बरं वाजवलं असतं, तर "हं, ठीक हाय, ने," म्हणाले असते आणि आज खोकं इथं असतं. जास्त चांगलं वाजवून हातचं घालवलं. असा शहाणपणा फक्त मीच करू जाणे.

आणि तरी ते दोन सूर आठवतात आणि हसू येतं.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

तात्यांचा फोन. आवाज पडलेला. "आगं, ते परत पत्र्यागत वाजाया लागलंय." म्हटलं, डिमर नाही ना तात्या. इंदापूरची लाईट जास्त चांगली आहे. "मंग काय करायचं?" म्हटलं, माहीत नाही.

माहीत होतं. म्हणजे, इकडं पाठवा हे म्हणायचं होतं. जीभ रेटली नाही. दोघंही फोन धरून बसलो. मग काकूंनी फोन घेऊन विचारलं, "ज्योती, तुमच्याकडं लाईट किती वाजता येती?"

३० नोव्हेंबर, रविवार

सकाळी नऊलाच टेंपोचा हॉर्न. इ. चालवतोय, शेजारी तात्या, गुडघ्याला पट्टा, पांढरा शर्ट. मागं काकू उशा घेऊन, आणि गोधडीत गुंडाळलेलं खोकं. इ. नं मला डोळ्यानं खुणावलं की मला काही विचारू नको, मलाही माहीत नाही.

आईनं पोहे केले. आप्पा आणि तात्या पहिल्यांदाच भेटले आणि पाच मिनिटांत असे बोलायला लागले की मी मध्ये कोण. आप्पांनी वायरचा खांब दाखवला, लाईनीचं शेवटचं टोक दाखवलं, कुणाकुणाच्या मोटारी त्यावर आहेत ते नावानिशी सांगितलं. तात्या एकेक नाव मनापासून ऐकून घेत होते. "आन् ह्ये सगळं एकदम चालू करत्यात?" "एकदम. कुणालाच दम निघत न्हाय." तात्या खूश.

खोकं खोलीत जुन्या जागेवर ठेवलं. गोधडी तात्यांनी काढू दिली नाही, लाईट आल्यावर काढू म्हणाले. टेंपोत काकूंची एक पिशवी आहे, ती उतरवलेली नाही. म्हणजे संध्याकाळी परत जाणार. कितीजण परत जाणार ते कळत नाही. ते खोकं द्यायला आलेत की नुसतं वाजवायला, मी विचारलेलं नाही. तात्यांनी सांगितलेलं नाही. मघाशी माझ्याकडे बघून काहीतरी बोलणार होते, मग म्हणाले, "आधी वाजू दे."

आता आम्ही पाचजण ओसरीवर बसलोय. मी हे लिहितेय. आप्पा स्टार्टरजवळ उभे, पण आज मोटार वाचवायला नाही, लाईट आल्या आल्या चालू करून व्होल्टेज पाडायला. जळाली तर जळू दे, म्हणाले. असं ते आयुष्यात कधी म्हणाले नव्हते. तात्यांनी गिटार मांडीवर घेऊन ठेवलीय.

दहा वाजून सात मिनिटं. अजून लाईट आलेली नाही.